फळी उशिरा हलत होती

आबा,

गेल्या रविवारी साताऱ्यात एका टीव्हीच्या दुकानात मला खुर्ची मागून बसावं लागलं. काळजी करू नका, तब्येत माझी बरी आहे. तुमच्या नातीला टीव्ही घ्यायचा होता, आणि तोही गेम खेळायला. सत्तावीस वर्षांची झाली ती आता. साताऱ्यात नोकरी करते, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते आणि कामावरून आली की हातपाय धुऊन तासभर गेम खेळते. तुमची सून कुरकुरते, लग्नाच्या वयाची पोरगी आणि हातात काय तर खेळणं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग? मीबी खेळायचोच की. माझं तर लगीन होऊन चाळीस वर्सं झाली हुती." हे वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू आलं आणि पुढचं सगळं आठवायला लागलं, म्हणून लिहायला बसलोय.

फोनवर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही या. सगळी गल्ली तुम्हाला विचारून टीव्ही घ्यायची, मग मीच एकटी कशाला जाऊ?" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. सातवी शिकलेला माणूस मी. पलूस-कुंडलच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यांत नवी तार भरून देणं एवढाच माझ्या दुकानाचा धंदा. पण उघडून बघत, जुनी मासिकं वाचत टीव्हीतलंही थोडंफार शिकलो होतो आणि माधवनगरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं. चार दिवस मी वहीत टिपणं काढली. खोली किती फुटांची, मग पडदा किती इंची, स्पीकर किती वॉटचे, बाजूनं बघितलं तर रंग फिके पडतात का. ती वही खिशात घालून साताऱ्याच्या एसटीत बसलो.

दुकानातल्या ताईंनी आधी सगळ्यात महागाचा दाखवला. "काका, ओएलईडी आहे. यात काळं म्हणजे काळंच. रात्रीचं आभाळ बघा कसं दिसतंय." खरंच, डोळे निवले माझे. मी म्हणालो, हाच घे. पण तुमच्या नातीनं मान हलवली. तिच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी, संध्याकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं, तिथं जास्त उजेडाचा पडदा लागणार. शिवाय तिच्या गेममध्ये गुणांची पट्टी तासन्‌तास एकाच कोपऱ्यात असते, त्याचा डाग राहून गेला तर काय करायचं. मी वही काढून स्पीकरचं विचारायला लागलो तर हसली. "पप्पा, हे सगळं सिनेमाचं झालं. गेमला पहिलं एकच विचारायचं. बटण दाबल्यावर किती वेळानं हलतं? मग पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो की एकशेवीस. बाकीचं नंतर."

मी म्हणालो, "दाबल्यावर किती वेळानं म्हणजे? लगेचच हलणार की."

तिनं पिशवीतून स्वतःचा गेमचा डबा आणला होता. ताईंनी तो एका साध्या एलईडीला जोडून दिला. पडद्यावर एक बाई उभी, बटण दाबलं की उडी मारते. नातीनं बटण, म्हणजे तो गेमचा रिमोट, माझ्या हातात दिलं. टीव्ही सिनेमाच्या सेटिंगवर होता. मी दाबलं. माझं बोट खाली गेलं, आणि त्यानंतर, पापणी लवण्याएवढ्या उशिरानं, बाई उडाली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग ताईंनी सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला. मी दाबलं, आणि बोट खाली गेलं तशीच बाई वर. टीव्ही तोच, बटण तेच.

ताई समजावून सांगत होत्या. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, पुसतो, चकाकी देतो, मग बाहेर सोडतो. सिनेमा बघताना काही बिघडत नाही, कारण सिनेमा कुणाच्या बोटाची वाट बघत नसतो. गेममध्ये मात्र तेवढ्यानं हार होते. "जुन्या डबा टीव्हीत ही भानगड नव्हती काका. आलं की दाखवलं. मग पहिले सपाट टीव्ही आले ना, पंधरासोळा वर्षांपूर्वीचे, त्यांत तर लय उशीर व्हायचा. त्यांना जुना व्हिडिओ गेम जोडला की लोकांना वाटायचं आपलाच हात मंदावलाय."

तेव्हा मी खुर्ची मागितली.

आबा, तुमच्या हाताचं मी आता काय सांगू. कापडाची मिल बंद पडली आणि तुम्ही पलीकडच्या गल्लीतल्या शेडमध्ये यंत्रमागावर जायला लागला. पासष्टी उलटली तरी जात होता. धागा तुटला की तुमची बोटं माग पुरता थांबायच्या आत तिथं पोचलेली असायची आणि गाठ बसलेली असायची. संध्याकाळी अंगावर कापसाची लव घेऊन घरी यायचा. नातीसाठी मी सांगलीतनं तो स्वस्तातला व्हिडिओ गेम आणला, तेव्हा तुम्ही आधी लांबूनच बघितलात. पडद्याच्या दोन बाजूंना दोन फळ्या आणि मधे इकडून तिकडं पळणारा चेंडू. अर्धा मिनिट बघितलंत आणि म्हणालात, "ह्यो तर धोटा हाय की." मागावर बाण्याचा आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकाला पळणारा धोटा तुम्ही जन्मभर बघितलेला. पोरगी म्हणाली, "आबा, खेळता?" आणि तुम्ही बसलात ते रोजचेच बसायला लागलात. जो हरेल त्यानं स्वयंपाकाचा लसूण सोलायचा, असं तुमच्या सुनेनं ठरवून टाकलं. पोरगी रोज सोलते आहे, रोज चिडते आहे. "आबा, नातीला हरवून तुम्हाला काय मिळतं हो?" आणि तुम्ही मिशीत हसत म्हणता आहात, "सोललेला लसूण मिळतोय की गं."

मग मी तो सपाट टीव्ही आणला. आपल्या गल्लीतला पहिला. डबा टीव्ही बदल्यात देऊन टाकला. लोक बघायला आले, चहा झाला. माझ्या शब्दावर पुढच्या पाच-सहा दिवसांत गल्लीत आणखी दोन तसलेच आले. आणि तुम्ही हरायला लागलात. पहिल्या दिवशी हसलात. चौथ्या दिवशी बटणाकडं उलटंसुलटं करून बघितलंत. आठवड्यानं, शेजारचे दोघं बसलेले असताना, मला म्हणालात, "हात जातोय आधी आन् फळी हलतीया मागनं. ह्यो पडदा मागनं येतोय रं." मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "आबा, एवढ्या भारी टीव्हीला कशाला नावं ठेवता? हात मंदावलाय तुमचा. वय झालं आता, मान्य करा." शेजारचेही हसले. तुम्ही बटण खाली ठेवलंत आणि लसणाची पाटी ओढलीत. इतक्या भराभरा सोलत होता, की सून पातेलं चुलीवर चढवेपर्यंत गड्डा संपलेला. हात मंदावलेल्या माणसाचा लसूण असा सोलून होत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी टीव्हीकडं बघत होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्याच आठवड्यात मी शेडवर गेलो. मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्या आबांचा हात मंद झालाय, घरी आम्हाला दिसतंय, मागात बोट अडकून काही झालं तर केवढ्याला पडेल. मालक चकित झाला. "आवं, म्हाताऱ्याचा हात माझ्या जवान गड्यांपरास चलाख हाय. मला तर तसं कवा दिसलं न्हाई." मी म्हणालो, "मी मुलगा आहे, मला माहीत." मग तो म्हणाला, "बरं, तुमी म्हणताय तर." तुमच्या काळजीनं गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. थोडी काळजी होतीही. पण लोक म्हणायचे, पोराचं दुकान एवढं चालतंय आणि बाप अजून दुसऱ्याच्या मागावर, ते मला टोचायचं. तुम्हाला घरी बसवायला कारण हवं होतं, ते आयतं मिळालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारीच परत आलात. डबा तसाच भरलेला. सुनेनं विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "मालक म्हणतोय, हात मंद झालाय. व्हय, असंल." भांडला असता तर बरं झालं असतं. पोरीनं किती ओढलं, तरी पुन्हा खेळायला बसला नाहीत. लसूण मात्र रोज, न हरताच, सोलत राहिलात. कधी दुपारी जेवायला आलो की दारात बसलेले दिसायचा, मांडीवर सुताचं रीळ. धागा तोडायचा, गाठ मारायची, पुन्हा तोडायचा. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. बघतोय." काय बघत होता ते मी विचारलं नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या खिशात हातभर सूत निघालं, नुसत्या गाठींनी भरलेलं. प्रत्येक गाठ मोहरीएवढी, एकही सुटी नाही.

दुकानात खुर्चीवर बसलो होतो तर नातीनं पाणी आणून दिलं. तिलाही तेच आठवलं असणार. म्हणाली, "पप्पा, मला तेव्हाच कळलं होतं तो टीव्ही उशिरा दाखवतो ते. म्हणजे असं शब्दांत नाही, पण मी चेंडू यायच्या आधीच बटण दाबायला शिकले होते. आबांनाही सांगितलं होतं, जरा आधीच दाबा. ते काय म्हणाले माहितीये?" मी मान हलवली. "म्हणाले, न दिसता हात घातला तर बोट जातंय, पोरी."

चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. डोळ्यांना दिसल्याशिवाय हात पुढं करायचा नाही, ही सवय होती म्हणून तुमची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली. लहान पोरीला टीव्हीला फसवता आलं. तुम्हाला ते करायचंच नव्हतं.

"मी लहान होते," ती म्हणाली, "मला जिंकायला मजा येत होती म्हणून मी तुम्हाला काही सांगितलं नाही." तिचे डोळे भरले होते. त्या ताई बिचाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेल्या. मग नातीनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं ना?" मी म्हणालो, "नाही गं, तेव्हा हे कुणाला माहीत होतं."

आम्ही तो साधा एलईडीच घेतला, एकशेवीसवाला. खोलीवर नेऊन भिंतीवर लावला. ऊन समोरून येत होतं तरी चित्र स्पष्ट दिसत होतं. तिनं सगळ्यात आधी गेम मोड लावला, आणि मग कुठूनतरी तसलाच दोन फळ्यांचा आणि चेंडूचा खेळ शोधून काढला. मी पाच डाव हरलो. टीव्हीला काहीही म्हणायला जागा नव्हती, माझा हात खरोखरच मंद आहे. तिच्या ओट्याशी उभा राहून लसूण सोलला. एक गड्डा सोलायला मला इतका वेळ लागला की तिची आमटी फोडणीवाचून तशीच थांबून राहिली. नखांना तो वास बसला. माधवनगरला येईपर्यंत एसटीत मी हात नाकाशी नेत होतो.

हे कागद मी पोरीला दाखवणार नाही. नव्या टीव्हीच्या गॅरंटीच्या कार्डाची एक प्रत तिनं माझ्याकडं ठेवायला दिलीय, त्याच पाकिटात घालून कपाटात ठेवून देईन. तिथं ती कधी बघायची नाही. दाखवणार नाही कारण तिला मी दुकानात जे उत्तर दिलं ते खरं नव्हतं.

पडदा मागनं येतोय, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना आबा, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बटण हातात घेतलं आणि दहा-बारा वेळा दाबून बघितलं. वायर सैल असेल म्हणून ती काढून पुन्हा बसवली, पुन्हा दाबलं. फळी उशिरा हलत होती. माझ्या शब्दावर गल्लीत दोन टीव्ही आले होते. मी टीव्ही बंद केला, बटण होतं तसं ठेवलं.

शेडवर मी त्यानंतर गेलो.