आईनं सांगितलेलं वय

बंदीगृह, कॅलिफोर्निया
४ मार्च २०१८

तीर्थस्वरूप दादास,
पिसेतचा कृ. सा. न. वि. वि.

वहिनींचा गुडघा कसा आहे? माझी खबर माझ्या बायकोनं, मालिसनं, फोनवर दिलीच असेल. दरवर्षीसारखा इमिग्रेशनच्या कचेरीत हजेरी लावायला गेलो, तर या वेळी त्यांनी आतच ठेवून घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी लग्नाच्या पार्टीत मी एकाच्या डोक्यात बाटली फोडली होती, ते प्रकरण. तेव्हाचा वकील म्हणाला होता, गुन्हा कबूल कर, वर्षभरात सुटशील. सुटलो. कबुलीबरोबर देशही जातो हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता मला कंबोडियाला धाडणार.

नवी वकीलबाई म्हणते, आई १९९८ साली इथली नागरिक झाली. बाबा आधीच गेलेले. त्या दिवशी मी अठराच्या आत असेन, तर मीही आपोआप नागरिक; मग हाकलणार कोणाला? कागदावर मी तेव्हा एकोणीस. पण आई म्हणायची, निर्वासितांच्या छावणीत तिनं माझं वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं. बाबांनी मांडलेली माझी पत्रिका तुझ्याकडेच असेल. १४ मेला सुनावणी आहे. दादा, शोध.

लोभ आहेच, या वेळी तो जरा लवकर पोस्टात टाक.
पिसेत

बत्तंबंग, कंबोडिया
२६ मार्च

चि. पिसेत यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाचा अर्थ 'विशिष्ट'. बाबांनी पोथ्या धुंडाळून ठेवलं. माझ्या 'सारोएन'चा अर्थ विचारला तर म्हणाले, कानाला बरं वाटतं.

पत्रिका अजून सापडलेली नाही. आमच्याकडच्या वाळवीनं ज्योतिषात बरीच प्रगती केली आहे.

पण इकडे यायला एवढा घाबरतोस कशाला? तुझ्यासारखे तिघे परत आलेत. अंगभर गोंदण, आणि ख्मेर बोलतात ती नुकताच दात काढून आल्यासारखी. भात मात्र व्यवस्थित जेवतात. मी जन्मभर इथेच आहे. ही शिक्षा आहे, हे तुझ्या पत्रावरून कळलं.

आई तुला पाठीशी बांधून सरहद्दीकडे निघाली तेव्हा मी तापानं फणफणलो होतो. मला आजीजवळ ठेवलं. येते म्हणाली. पुढे तिच्या हातचा भात तुला, आणि तिच्या चितेपुढे मुंडनही तूच केलंस. मला फोटो आला.

लोभ असू दे. माझाही असतो, अधूनमधून.
सारोएन

बत्तंबंग
२० एप्रिल

चि. पिसेत यास अ. आ.

तू मधल्या पत्रात विचारलंस, 'दादा, तुला मी तिकडे यायला हवा आहे, की नुसता हरायला?' हे वाक्य तू ख्मेरमध्ये लिहिलंस आणि त्यात एकही चूक नाही. म्हणून खरं उत्तर देतो. पत्रिका पहिल्याच दिवशी सापडली होती. महिनाभर माझ्या उशाखाली होती.

कोंबड्याचं वर्ष, १९८१, बाबांचं अक्षर. सोबत माझं शपथपत्र जोडलंय. तुझ्या जन्माच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो, दाराबाहेर उभा. कारकुनानं विचारलं, आई खोटं का बोलली? मी म्हटलं, पोराला सारखा ताप यायचा. मागल्या जन्मीची आई त्याला परत न्यायला आली, असं तिच्या मनानं घेतलं. त्या बाईला पोर ओळखू येऊ नये म्हणून हिनं त्याचं जन्मवर्षच बदललं, आणि छावणीतल्या साहेबालाही तेच सांगून बसली. कारकुनाला नवल वाटलं नाही. म्हणाला, माझ्या आईनं मला चार वर्षं परकर नेसवला होता.

सही करताना मात्र एक आठवलं. ताप मलाही होता, पिसेत. माझ्यासाठी ती कुणाशी खोटं बोलली नाही. मला न्यायला मागल्या जन्मीचीसुद्धा कोणी आली नाही.

तुझी वहिनी तुझ्यासाठी विहारात दिवा लावते. तेल मी आणतो.
सारोएन

लाँग बीच
२ जून

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

सुटलो! न्यायाधीशबाईंनी पत्रिका उलटी धरली होती, पण निकाल सुलटा दिला. मी वीस वर्षं नागरिक होतो आणि मलाच पत्ता नव्हता. मालिसनं एवढं आंबवलेल्या मासळीचं प्रहोक शिजवलं की शेजाऱ्यानं नाक धरून खिडक्या लावून घेतल्या. उद्यापासून पुन्हा डोनटचं दुकान.

तुझ्या पत्राला उत्तर आईनंच देऊन ठेवलंय. ते आईच्या सरकारी फाइलमध्ये मिळालं. वकीलबाईनं ती मागवली होती. १९८९ साली आईनं तुला बोलावून घ्यायला अर्ज केला होता. वयानं मोठ्या मुलाच्या अर्जाला वेळ लागतो असं तिला कुणी तरी सांगितलं असणार. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा. तिनं लिहिलंय, चौदा. खाली सही, 'हे सर्व खरं आहे' म्हणून. मागे एका मदतसंस्थेचं उत्तर टाचलंय: सारोएन नावाचा कोणी या गावात राहत नाही. प्रत पाठवतो.

तुझा लोभ अधूनमधून असतो, तोही चालेल.
पिसेत

बत्तंबंग
२४ जून

चि. पिसेत यास अ. आ.

प्रत मिळाली. त्याच वर्षी मी काही काळापुरता भिक्षू झालो होतो. विहारातलं नाव वेगळं. भिक्षूला जुन्या नावानं हाक मारायची नसते, म्हणून गावकऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, सारोएन इथे कोणी नाही. फार धार्मिक गाव.

तो अर्ज तुझ्या वहिनीला तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा ती म्हणाली, पुरे आता, भात निवतोय. तिला कसं कळणार? मिशा फुटलेल्या घोड्याला चौदाचा म्हणायला केवढी छाती लागते!

तुझ्यासाठी दोन वर्षं, माझ्यासाठी पाच. जळ आता थोडा तूही.

तुझा चौदा वर्षांचा दादा,
सारोएन