कचरूमामांच्या दोनशे कॅसेटी

२५ फेब्रुवारी १९९६, रविवार
डबल डेक आणला. पुण्याहून इंदापूरपर्यंत मांडीवर. पाय बधिर. स्टँडवर उतरताना कंडक्टरने दंड धरून उतरवलं.
दोन कॅसेटी बसतात. डावीकडची वाजते, उजवीकडची भरते. मध्ये बटण आहे, हाय-स्पीडचं. ते दाबलं की तासाभराची कॅसेट अर्ध्या तासात उतरते. असं मशीन तालुक्यात कुणाकडे नाही. निदान स्टँडच्या या बाजूला नाही.
आजपासून रोज डायरी. कॅसेट-स्पीकरचं दुकान नऊच्या ठोक्याला उघडणे. चहा दोनच.
करुणा वडगाव निंबाळकरला माहेरी आहे. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, घशाला काहीतरी झालंय, त्यामुळे राहिली आहे. आली की तिला मशीन दाखवू.

२९ फेब्रुवारी
मधले दिवस मशीन समजून घेण्यात गेले. त्याला डायरीचा खंड म्हणता येणार नाही. आज दुकान अकराला उघडलं, पण उघडलं.

३ मार्च, रविवार. वडगाव
मामांच्या घशात गाठ आहे. वाईटातली. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. जीव वाचेल, आवाज जाईल. कमी होईल असं नाही, जाईलच.
कचरूमामा साखर कारखान्यात फिटर होते, पण ती नुसती नोकरी. खरं काम गायन पार्टी. चाळीस वर्षं. बारामती-इंदापूर पट्ट्यात जयंतीला मामा गायले नाहीत असं गाव सापडणार नाही.
रंगूमामी तांदूळ निवडत होत्या, निवडलेलेच परत. तेव्हा मी म्हणालो, ऑपरेशनच्या आधी मामांचं रेकॉर्डिंग करू. त्याच्या दोनशे कॅसेटी काढू. चौदा एप्रिलला, जयंतीला, घरोघर कॅसेट. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामींनी पदर डोळ्याला लावला. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे असं बघायची ही पहिलीच वेळ.
करुणा तेवढी म्हणाली, मला एकच द्या, पण सावकाश भरलेली. तिचा विचार पहिल्यापासून लहान. एका कॅसेटसाठी कोणी डबल डेक घेतं का?
एसटीच्या तिकिटामागे हिशेब केला. दोनशे गुणिले अर्धा तास, शंभर तास. रोजचे आठ तास धरले तर साडेबारा दिवस. तेराव्या दिवशी आराम.

१० मार्च, रविवार
रेकॉर्डिंग झालं. वडगावलाच, बाहेरच्या खोलीत, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. ढोलकीला गेणू, मामांचा जुना साथीदार. मामा अकरा गाणी गायले. गाठ आहे असं कुणी म्हणणार नाही. सातव्या गाण्याला गेणूचा हात चुकला, कारण तो ढोलकीकडे बघत नव्हता, मामांकडे बघत होता.
अडचण एकच. मामा मधे मधे फार बोलतात. छप्पन्न साली दीक्षा घेऊन नागपूरहून येताना रेल्वेच्या डब्यात पहिलं गाणं कसं म्हटलं. करुणा झाली तेव्हा ते इंदापूरला गात होते, ते गळ्यात हार तसाच घेऊन पहाटे घरी कसे आले. मग खोकला. मग "बाळे, पाणी आण गं." ती पाणी आणते, भांड्याचा आवाज येतो. मी खुणेने सांगत होतो, मामा, टेप चालू आहे, वाया चाललाय. ते हसून म्हणाले, "चालू द्या की जावाईबापू. मी बी चालूच हाय."
करुणा आज माझ्याशी नीट बोलली. दोन वाक्यं. एक वायरबद्दल होतं.

१७ मार्च
मास्टर तयार, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या भरायच्या ती कॅसेट. प्रोफेशनल काम. मधलं सगळं बोलणं काढलं, खोकले काढले, भांड्याचा आवाज काढला. गाणं संपलं की लगेच गाणं. साठ मिनिटांत चपखल. आता मामा रेडिओवरच्या कलाकारासारखे वाटतात.

१९ मार्च
मामांना पुण्याला नेलं. परवा ऑपरेशन. मी सकाळच्या गाडीने जाणारच होतो. इतक्यात लासुर्ण्याचे सर्जेराव आले. त्यांच्या पुतण्याची हळद आज, आणि त्यांना दीड तासाची गाणी लगेच हवी होती. नव्वदची कोरी कॅसेट शिल्लक नव्हती. डोकं चालवलं. मामांची मूळ कॅसेट पडून होती, मास्टर निघालेलाच होता, तिच्यावरच भरून दिली. सर्जेराव खूश, मी पण खूश. अशी प्रसंगावधानं लिहून ठेवायला हवीत.
या गडबडीत गाडी गेली. गेणू पुण्याला निघाला होता, त्याच्याकडे निरोप दिला की काम निघालं. करुणा समजून घेईल.

२१ मार्च
ऑपरेशन झालं, असा शेजारच्या पीसीओवर फोन आला. व्यवस्थित झालं म्हणाले. रविवारी जाऊन येतो.

२४ मार्च, रविवार
गेलो. मामांच्या घशाला भोक आहे, त्यावर जाळीचं फडकं. श्वास तिथून येतो. उशाशी पोरांची पाटी. मला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, "चहा घेतला का?" मी मान हलवली. मग आठवलं की मला बोलता येतं. घेतला म्हणालो.
घेतला नव्हता.
करुणा खाटेच्या पलीकडे बसली होती. कॅसेटचं कुठवर आलं विचारलं. फुल स्पीड, म्हणालो. अजून एक पण भरलेली नाही, पण मशीनचा स्पीड फुलच आहे.

२६ मार्च
सुरुवात. सोळाचं टार्गेट, झाल्या पाच. कॅसेट उलटवायला पंधरा मिनिटांनी उठावं लागतं, हे हिशेबात धरायचं राहिलं. शिवाय साडेअकरा ते तीन लाईट नव्हती. वीज मंडळ असं वागणार असेल तर नुसत्या डेकच्या स्पीडचा काय उपयोग? उद्या वीस काढून भरपाई.

२७ मार्च
चार.

३० मार्च
लय सापडली. आज एकोणीस. उन्हामुळे मशीन तव्यासारखं तापतंय, पण बंद केलं की वेळ जातो, म्हणून टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. मी घामात, मशीन हवेत. त्याग करावा लागतो.
करुणाची एक कॅसेट सावकाश भरायची आहे, लक्षात आहे. शेवटी भरू. शेवटी निवांत होईल.

४ एप्रिल
पहिली तक्रार. गल्लीतल्या तानूबाईंना मी आपुलकीने एक कॅसेट आधीच दिली होती. त्या परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्यात कचरू न्हाय. शाळंतलं पोरगं गातंय." मी लगेच माझ्या डेकवर लावून दाखवली. मामांचाच आवाज, भारदस्त, जसाच्या तसा. तानूबाईंनी कान लावून ऐकलं आणि निघून गेल्या. त्यांचा टेप खराब आहे.

६ एप्रिल
आणखी तीन जणांचे टेप खराब निघाले. तालुक्यात लोक मशीनची निगा राखत नाहीत.

९ एप्रिल
गेणूचा पण टेप खराब निघाला. मात्र तो ऐकून घेईना. मला मशीनसकट बारामतीला मेकॅनिककडे घेऊन गेला. मेकॅनिकने झाकण काढलं आणि आत बोट घालून रबरी पट्टा दाखवला. उष्णतेने सैल पडलाय. त्यामुळे उजवीकडची बाजू हळू फिरते. हळू फिरत भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या बरोबर चालणाऱ्या टेपवर पळते, म्हणून आवाज पोरासारखा. माझ्याकडे मी त्याच सैल बाजूला लावतो, म्हणून मला बरोबर ऐकू येतं.
म्हणजे सगळ्यांचे टेप चांगले आहेत. एकट्या माझ्याकडेच मामा मामांसारखे वाजतात.
पट्टा पुण्याहून मागवावा लागेल, आठ दिवस. मी विचारलं, पहिल्या काही कॅसेटी तरी बऱ्या असतील ना? त्याने खांदे उडवले. मला तो फार शिकलेला वाटला नाही. फरक उन्नीस-बीसचा आहे. जयंतीच्या गर्दीत कुणाला कळणार?

१४ एप्रिल, रविवार. जयंती
एकशे सदतीस कॅसेटी पोत्यात घालून वडगावला नेल्या. विहारासमोर मांडव, निळ्या पताका, कर्ण्याचे स्पीकर. मामांना पुढच्या ओळीत खुर्ची. दवाखान्यातून घरी सोडून चारच दिवस झालेत. पांढरा सदरा, गळ्याभोवती नवा रुमाल. यंदा मामा गाणार नाहीत, पण त्यांचा आवाज आपल्यात आहे, असं मी माईकवर म्हणालो. टाळ्या पडल्या. चांगलं वाक्य होतं. तीन दिवस जुळवत होतो.
कॅसेट लावली.
पहिल्या ओळीला मागची पोरं हसली. त्यांच्यामागची मोठी माणसं पण हसली, मग त्यांना कळलं आणि गप्प झाली. मामा मांडीवर ठेका धरत होते. हात त्यांच्या सवयीने पडत होता आणि गाणं पुढे पळत होतं. दोनदा त्यांनी हात उचलून परत पकडायला बघितलं. मग हात मांडीवर ठेवून दिला.
करुणा उठली आणि टेप बंद केला. गेणूने ढोलकी ओढली आणि नुसती ढोलकीच वाजवली, बराच वेळ.
पोतं तसंच परत आणलं.

१५ एप्रिल
काल मांडव उतरवताना झालेलं लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहिलं नाही.
करुणा माझ्याजवळ आली. रागात नव्हती. म्हणाली, "गाण्याचं जाऊ द्या. गाणी गेणूकाकांना पाठ हायत. मला ती मूळ कॅसेट द्या. आबा मधे बोलले ती."
मी म्हणालो, ते बोलणं काढून टाकलं होतं, कॅसेट साफ केली होती. ती म्हणाली, तुम्ही काढलंत ते तुमच्या मास्टरमधून, मूळ तर असेल ना? मला तिनेच वाट दाखवली आणि मला त्या वाटेने जाता येईना. सर्जेरावांच्या पुतण्याच्या हळदीचं सांगितलं.
तिने हातातली पताका गुंडाळली. मग म्हणाली, "त्यात ते मला हाक मारत होते."
मी म्हणालो, सर्जेरावांकडून परत आणू, हळदीच्या गाण्यांखाली जुनं थोडं राहिलं असेल. खाली काही राहत नसतं, हे मला धंद्यामुळे नक्की माहीत आहे. तरी म्हणालो.

१६ एप्रिल
लासुर्ण्याला जाऊन आलो. सर्जेरावांनी कॅसेट शोधून दिली, भले माणूस आहेत. दुकानात नव्वद मिनिटं कान लावून ऐकली, सावकाश स्पीडवर, दोन्ही बाजू. हळदीची गाणी. दोन गाण्यांच्या मधे नुसती खरखर. एका ठिकाणी भांड्याचा आवाज आला असं वाटलं. मागे घेऊन सहा वेळा ऐकलं. नव्हता.

२१ एप्रिल, रविवार
काही न ठरवता वडगावला गेलो. मामा ओट्यावर होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, "मेहनत केली." मी खाली बसलो. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "जेवून जा." मामींनी ताट वाढलं. जेवलो.
मग करुणाने मला मागे लिंबाखाली नेलं. म्हणाली, एकच विचारायचं आहे, खरं सांगा. ऑगस्टमध्ये बारामतीच्या दवाखान्यात आपलं बाळ गेलं, त्या दिवशी तुम्हाला निरोप सकाळी दहाला मिळाला होता. तुम्ही संध्याकाळी आलात. मधे काय करत होता?
हे आजवर मी तिला सांगितलेलं नाही. डायरीतही नाही. मी सांगितलं. एका लग्नाचे स्पीकर लावत होतो. एक वाजत नव्हता. तो वाजला की निघू असं वाटत होतं. दर वेळी वाटत होतं की आता वाजेल.
तिने सगळं ऐकून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "वाजला का मग?"
न्हाय, म्हणालो.
ती थोडी हसली पण असेल. मग म्हणाली, ती जानेवारीत ट्रंक घेऊन माहेरी आली, ती आबांसाठी नाही. आबांचं तर फेब्रुवारीत कळलं. हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मला आठवतंय, सांगितलं होतं. वकिलाशी ती बोलली आहे. कागद तीच तयार करून आणेल. "तुमच्यावर सोडलं तर ऱ्हाऊन जाईल," म्हणाली. हे तिने टोचून म्हटलं नाही. आजारी माणसाला औषधाची वेळ सांगावी तसं म्हणाली.
मी विचारलं, सहीला कधी येऊ?
बुधवारी, अकराला, बारामती कोर्टाच्या गेटपाशी.
इंदापूरहून नऊची गाडी आहे. मी सातलाच स्टँडवर जाऊन बसणार आहे.