पाठ आणि पाढे

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. वाकता येतं अजून, काळजी नसावी.

इथे कारखान्यात मी दिवसभर टेबलात मान घालून लोकांच्या नव्या कवळ्या घासते. मध्ये पाठीत जरा उसण भरली होती. आता बरी आहे, पट्टा लावते तो आपला नावाला.

चांगल्या सवयी शिकवायला कारखान्याने एक बाई आणल्यात. सावकाश जेवा, वेळेवर झोपा, कुणाशी तरी मनमोकळं बोला. म्हणजे सगळं तुमचंच, फक्त आरडाओरडा वजा. काल त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून ताठ बसायला सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बे एके बे!" त्या बघतच राहिल्या.

आठवतं ना? शिलाई मशीनवरून तुम्ही ओरडायचात, "पाठ!" तुमचं म्हणणं, ताठ बस. मला वाटायचं, पाठ म्हणून दाखव. मग मी पोक काढूनच धडाधड पाढे म्हणायचे आणि आई हसून हसून बेजार. ती हसावी म्हणून तुम्ही मला खरा अर्थ कित्येक वर्षं सांगितलाच नाहीत.

आईच्या माघारी वेळेवर जेवता ना? फिरायला जाता? दादा म्हणतो, बाबा ठणठणीत आहेत. पण वहिनीने पाठवलेल्या फोटोत तुम्ही मशीनवर इतके वाकलात, की चेहराच दिसेना.

म्हणून इथून ओरडते. बाबा, पाठ!

पाढे म्हणालात तरी चालेल. आईच्या वाटचं मी हसेन.

तुमची पोकवाली,
धाकटी