नववी खुर्ची

१५ मार्च
समस्त मानवजातीस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आज सकाळी माझी लाल प्लास्टिकची खुर्ची मागच्या डाव्या पायाने निवर्तली. मी तिच्यावरच होतो. उपासाचे दिवस, म्हणून शिवी अर्धीच दिली. एकवीसला नवरोजची, म्हणजे आमच्या नववर्षाची, प्रार्थना आमच्याकडे. पांढुर्ण्यात आम्ही बहाई मोजून नऊ, खुर्च्या उरल्या आठ. धाकट्या भावाची, सुधाकरची, मागून आणली.
"दादा, परत कर बरं. प्रकाश शनिवारी त्याच खुर्चीत बसते."
देतो म्हणालो.

२१ मार्च
नवरोज पार पडला. सुधाने पेटीवर प्रार्थना गायली. 'सारी माणसं एक' हा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला. दोरीचं एक टोक त्याने बांधलं, एक मी. नंतर ठोंबरे सर, आमचा कारभार पाहणाऱ्या सभेचे सचिव, कोपऱ्यात घेऊन: "मधुकरराव, तो सौसरचा पंप मेकॅनिक, प्रकाश, सुधाकरकडे मुक्कामी राहून राहिला म्हणतात?"
सात वर्षांपासून दर शनिवारी. सरांना आज दिसला.

२६ मार्च
सर दुकानात. शिकवण समजावून गेले. मनात भाव असला तर दोष नाही. तिरस्कार तर मुळीच करायचा नाही. फक्त पुरुषाने पुरुषासोबत राहायचं नाही. सुधाने जन्मभर एकटं राहावं. उघड राहिला तर मताचा हक्क जातो, सभेत बसता येत नाही, निधीत त्याचा रुपयाही चालत नाही.
मी: "मग फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' टाकू का?"
"तुम्ही थट्टा करून राहिले."
नाही हो. धंद्याचं विचारलं.
खरी गंमत पुढे. २० एप्रिलला नवी सभा, तिच्यावर नऊ जण लागतात. माणसं नऊच, म्हणून मतदान नाही, पण नऊही जणांच्या सह्या पाहिजेत. एक कमी तर सभाच नाही. सरांचा तोडगा: वरच्या सभेला आत्ता कळवत नाही, सुधाने प्रकाशचं येणं बंद करावं आणि सही करावी. पाप मोठं, पण नववं.

८ एप्रिल
दर एकोणीस दिवसांनी होतो तो सहभोज, सरांकडे. सर आचरणाच्या शुद्धतेवर बोलले, नाव न घेता. सुधाकडे कोणी पाहिलं नाही, इतकं ठरवून की भिंतीला लाज वाटावी.
सुधाच बोलला, "सही पाहिजे, मी नको. असंच ना सर?"
"तसं नाही बेटा. तुझ्यावर सगळ्यांचं प्रेम आहे."
मी चिवडा खात होतो. मी.
घरी येताना बायको, मंदा: "तुमची जीभ काय फक्त गिऱ्हाइकासाठी ठेवली काय?"

१२ एप्रिल
सुधा कायमचा सौसरला, प्रकाशकडे. टेम्पोत पेटी मांडीवर घेऊन बसला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, खुर्ची?
"राहू दे दादा. तिच्याशिवाय तुमचे नऊ भरत नाहीत."


१७ एप्रिल
सर खुशीत. त्यांचे साळे बोरगावहून पांढुर्ण्यात राहायला आले. पुन्हा नऊ. जागा भरली, म्हणाले. नव्या सभेच्या घोषणेचा कागद माझ्याच दुकानात टाइप झाला. सह्यांसाठी नऊ रेघा. चौथी माझी.

२० एप्रिल
सह्या आज संध्याकाळी. चार वाजता खुर्ची खांद्यावर घेतली.
मंदा: "सरांनी विचारलं तर?"
"सांग, उसनी वस्तू परत करायला गेले."
"मी पण जाऊ का नको सह्यांना?" मी चपला घातल्या. ती हसली.
बसमध्ये कंडक्टर: "काकाजी, खुर्ची आणून बी उभेच?" बसलो नाही. ती माझी नव्हती.
सौसरला दार प्रकाशने उघडलं. आत एकच खुर्ची. सुधा चहा टाकून राहिला होता. वळून पाहिलं. एका कपात साखर तीन चमचे टाकली, मी घेतो तशी. मी रुमालाने खुर्ची पुसली, भिंतीशी ठेवली, पाय हलवून पाहिले. प्रकाशला म्हटलं, बसा.
तो सुधाकडे पाहून राहिला. मग बसला.
सरांचा चौथा फोन. वाजून राहिला खिशात.