मॉरिशसला जाण्यासाठी रजेचा अर्ज

क्युर्पिप, मॉरिशस
२ ऑक्टोबर १९८८

ती. आईस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं तिकीट निघालं. शनिवार, ३ डिसेंबर. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण मला या दिवसांत विमानात बसू देत नाहीत. तेव्हा माहेरानेच विमानात बसावं, असं तुझ्या जावयांचं म्हणणं. हेरंबचे पणजोबा रत्नागिरीहून इथे उसाच्या मळ्यावर आले तेव्हा बोटीला दीड महिना लागला होता. तुला सहा-सात तास लागतील. खिडकीची जागा माग.

आता नीट वाच. घड्याळ दीड तास मागे करायचं. इथेही रुपयाच आहे, पण आपला चालत नाही, म्हणून डिलाईल रोडवरून चिल्लर आणू नकोस. डिसेंबरात इथे उन्हाळा असतो. वादळंही त्याच दिवसांत येतात. रेडिओवर इशारा दिला की घरात पाणी भरून ठेवायचं आणि दार उघडायचं नाही. आमचं गाव उंचावर आहे, पाऊस कधीही येतो, त्यामुळे छत्री आण आणि एक हातमागाची शाल आण. बस संध्याकाळी लवकर बंद होते. समुद्र काठाशी तलावासारखा शांत दिसतो, पण खाली पोवळी आणि काटेरी साळू, म्हणजे काट्यांचे गोळे दिसणारे समुद्री प्राणी असतात. पाण्यात रबरी चपला घालूनच उतरायचं. भाषेची काळजी नको. बाजारात भोजपुरी चालते, तुझी मुंबईची हिंदी त्यांना कळेल. कळली नाही तर तू आवाज वाढवशीलच.

बियाणं, रोपं, फळं विमानतळावर काढून घेतात. अळीव आणू नकोस. फार महत्त्वाचं आहे म्हणून पुन्हा लिहिते, अळीव आणू नकोस.

परतीचं तिकीट असल्याशिवाय परक्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून १८ फेब्रुवारीचं काढलं आहे. ते फक्त दाखवायला. कुशाबाकाकांचं पत्र आलं. बाबांच्या मागे तू एकटी, खोली त्यांच्या मुलाच्या नावे करावी आणि तू गिरणीच्या कागदावर सही करून मोकळं व्हावं, असं ते म्हणतात. मलाही तेच वाटतं. इथे स्वेटरच्या कारखान्यांना बायका मिळत नाहीत, दारावर पाट्या लावल्यात. तुझे हात अजून चालतात. इथेच राहा.

विमानात एक फॉर्म भरायला देतात. व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी लिही, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.

आहे ते प्रेम राहू दे आणि हट्ट तेवढा कमी कर.
तुझी विशाखा

डिलाईल रोड
१७ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. विशाखा हिस आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र चाळीत तीनदा वाचून झालं. घोडपदेवच्या तुळसामावशीने चौथ्यांदा वाचायला नेलं आहे. काटेरी साळूचं तिला फार आवडलं. रबरी चपला घेतल्या. अळीव आणणारच. भाजून, कुटून, गुळात वळलेला लाडू म्हणजे बियाणं नव्हे. तो पेरून दाखवा म्हणावं.

तुझ्या काकाला मी उत्तर दिलं आहे. ते तुला सांगण्यासारखं नाही.

सहीचं बोलू. संपानंतर आमची गिरणी धड उघडली नाही, पण ती रीतसर बंद झाल्याचंही कोणी लिहून देत नाही. आम्ही वाइंडिंग खात्यातल्या बायका दर सोमवारी सकाळी सातला गेटवर उभ्या राहतो, हे तुला माहीत आहे. आधी दोनशे होतो, आता एकेचाळीस आहोत. मालकाचा माणूस कागद घेऊन हिंडतो, त्यावर छापलंय की आम्ही स्वखुशीने नोकरी सोडली. खुशी कुठली? आणि जी सोमवारी येणार नाही ती काम सोडून गेली, असं तो कोर्टात सांगतो. गंगुबाई सुनेच्या दुखण्याला चार आठवडे गावी गेली, तर तिचं नाव यादीतून गेलं. मी अडीच महिने गेले तर माझंही जाईल. सव्वीस वर्षं मी त्या खात्यात सुताच्या कांड्या भरल्या, पोरी. तुझी शाळा त्यातून झाली.

म्हणून अजून येते म्हणत नाही. तुझ्याकडे यायला जीव तुटतो, हेही खरं.

तुला वेलची काय भावाने मिळते ते कळव. माया आहेच, ती लिहून वाढायची नाही.
तुझी आई, बकुळा

क्युर्पिप
३१ ऑक्टोबर १९८८

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

वेलची मिळते. आई मिळत नाही.

रागावून लिहीत नाही. पाय सुजलेत, खुर्चीवर पाटी ठेवून लिहिते आहे. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्या माझ्या पोटाला आधाराची पट्टी बांधताना गाठ मारतात ती तुझी नव्हे. हेरंब म्हणाले, आईंवर जबरदस्ती करू नकोस. मी म्हटलं, मी जबरदस्तीच करणार, मी त्यांचीच मुलगी आहे.

सात वर्षं झाली, आई. त्या गेटच्या आत आता कबुतरं राहतात. पासपोर्टवर शिक्का असतोच, तो नेऊन दाखव की मी परदेशी होते. नाहीतर सही कर. पण ये.

विमानतळावर उतरल्यावर आम्ही काचेबाहेर डाव्या हाताला उभे असू. सामान उचलू नकोस, हमाल असतो.

माझ्यावर माया करायची असेल तर समोर येऊन कर.
विशाखा

डिलाईल रोड
१४ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. विशाखा हिस अनेक आशीर्वाद व जयभीम.

येते. पण सही करून येत नाही. रजा घेऊन येते.

तुळसामावशी हसून बेजार झाली. गिरणी बंद, भोंगा बंद, आणि ही बाई रजेचा अर्ज करते म्हणाली. मी म्हटलं, सव्वीस वर्षांत मी न सांगता कधी गैरहजर राहिले नाही, आता का राहू? जुना छापील फॉर्म ट्रंकेत होता. नाव, खातं, गिरणीतला तिकीट नंबर, कारण मुलीचे बाळंतपण, ठिकाण मॉरिशस. ३ डिसेंबर ते १९ फेब्रुवारी, बिनपगारी. पगार तसाही कुठे आहे?

गेटच्या ऑफिसात अजून टाइमकीपर तात्या बसतात. ओसाड जागेचा ताबा दाखवायला मालकाने त्यांना ठेवलंय. मागच्या सोमवारी मी खिडकीतून फॉर्म आत सरकवला. त्यांनी चष्मा लावला, मॉरिशस वाचून मुलगी की मुलगा असं विचारलं. मी म्हटलं अजून व्हायचंय. मग त्यांनी हात लांबवला आणि तीस वर्षं करत आले तेच केलं. शिक्का उठवला, मंजूर लिहिलं, खाली लिहिलं की सोमवार २० फेब्रुवारी, सकाळी सात, कामावर रुजू व्हावे. सही केल्यावर मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. कागद परत मागितला नाही.

आमच्या वकिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि चार प्रती काढून आणायला माणूस पळवला. बंद नसलेल्या गिरणीची मी पटावरची कामगार आहे, रजेवर आहे, असा हा एकेचाळीस जणींतला पहिला लेखी कागद.

तेव्हा तू दाखवायला काढलेलं तिकीट मी वापरणार. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको.

चिरोट्यांना तूप तिकडचं घेईन. भेटू तेव्हा लोभ हाताने देईन.
आई

क्युर्पिप
२१ फेब्रुवारी १९८९

ती. आईस,
जयभीम.

पोहोचल्याची तार मिळाली. बाळ दोन रात्री तुझ्या शालीशिवाय झोपलं नाही, शाल तू इथेच ठेवलीस हे बरं झालं.

विमानतळावर मी जे बोलले, की मेलेल्या गिरणीसाठी तू जिवंत नातीला सोडून निघालीस, ते मागे घ्यायला हे पत्र लिहायला बसले. आता घेता येत नाही. मला तसंच वाटतं आहे. पण तुझ्यावर आळ म्हणून नव्हे.

काल सातला काय झालं ते कळव.
विशाखा

डिलाईल रोड
६ मार्च १९८९

चि. सौ. विशाखा हिस आणि चि. यशोधरा हिस अनेक आशीर्वाद, मुके व जयभीम.

तू मागे घेऊ नकोस. विमानात मीही स्वतःला तेच म्हणत होते. तुझ्या त्या फॉर्मवर, जातानाही आणि येतानाही, व्यवसायाच्या रकान्यात गिरणी कामगार लिहिलं. तुमच्या विमानतळावरच्या साहेबाने काही न विचारता शिक्का मारला होता. ते तुला तिथे सांगितलं नाही, तू चिडली असतीस.

वीस तारखेला सातला पाच कमी असताना मी गेटवर होते. रुजू व्हायला आले म्हणून कागद दिला. तात्यांनी आधी मागे वळून ऑफिसचं दार लावून घेतलं. माझ्या रजेवरचा तो शिक्का त्यांना महागात पडला असावा, पण त्यांनी मला दोष दिला नाही. आत घेता येणार नाही म्हणाले. मी म्हटलं, तसं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं की कामगार वेळेवर हजर, काम उपलब्ध नाही. तारीख, वेळ, सही. पाळी सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. बाळाची आठवण आली तेव्हा गेटकडे तोंड केलं.

पुढच्या सोमवारी, मी न सांगता, उरलेल्या चाळीस जणी रजेचे अर्ज घेऊन आल्या. कोणी आळंदी लिहिलेली, कोणी घोगरगाव, शेवंताने नुसतंच विश्रांती. गंगुबाईही आली, गेलेल्या चार आठवड्यांचा अर्ज घेऊन. खिडकी लावलेली होती. मग सगळे अर्ज पोस्टाने, पोहोचपावतीसह पाठवले.

आज सकाळी गेटवर नोटीस लागली. सात वर्षांत त्या गेटवर मालकाने चिकटवलेला पहिला कागद. गिरणीच्या सर्व कामगारांना कळवण्यात येतं की रजेचे अर्ज घेतले जाणार नाहीत. वकील म्हणाले, मालकाने स्वतःच तुम्हाला कामगार म्हटलंय, या नोटिशीला ओल लागू देऊ नका. तेव्हा आम्ही तिच्या राखणीला पाळ्या लावल्या आहेत. माझी मंगळवार आणि शुक्रवार.

यशोधराला दात येताना गार चमचा दे. तुझा राग सोड अशी विनंती करत नाही, तो घेऊनच मे महिन्यात ये. मी गेटवर नसले तर चाळीत असेन.
तुझी आई, बकुळा
वाइंडिंग खाते