मागची सीट

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू पाठवलेली गाडी काल दुपारी पोचली. ड्रायव्हर माझ्या हातात किल्ली देऊन निघून गेला आणि मी फाटकापाशी उभी राहून तिच्याकडे नुसती बघत राहिले. फोनवर तू हूं हूं करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. गोदामात माल उतरवून घेता घेता वाचू नकोस, बसून वाच.

आपलं काय ठरलं होतं? आई स्टुलावरून पडली, मणका दुखावला, आणि दर मंगळवारी तिला इस्पितळात व्यायामाला न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावते. म्हणून तिच्या आणि आपल्या दोघांच्या पैशात बसेल अशी एखादी जुनी गाडी घ्यायची. दिसायला कशीही चालेल, पण बसायला मऊ आणि चालायला संथ हवी. सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

आणि तू पाठवलीस डोंगर चढायची गाडी. खाली ट्रकसारखे स्प्रिंगचे कडक पाटे, केवढे ते टायर, आणि सीट माझ्या कमरेच्या वर. आईला आत चढवायला खाली दुधाचा क्रेट ठेवावा लागला. जी बाई स्टुलावरून पडली, तिला मी आज क्रेटवर उभं केलं.

इस्पितळाच्या वाटेवर रूळ ओलांडले तेव्हा मागून काहीच आवाज आला नाही. आरशात पाहिलं तर आई दोन्ही हातांनी वरची कडी धरून लोंबकळत होती, पाठ सीटला लागू नये म्हणून. मी गाडी तिथूनच वळवली. व्यायाम बुडाला. घरी आल्यावर ती म्हणाली की गाडी छान आहे, धाकट्याला तसं कळव. कळवलं.

आशीर्वाद नेहमीइतकेच आहेत, रागाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचलं. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढून तुझा हात चांगलाच बसलाय, त्यामुळे माझ्या वाट्याला लाल शाई आली याचं नवल वाटलं नाही.

पण ही गाडी मला रस्त्यात पडलेली सापडली नाही. कितीतरी रविवार दलालांच्या आवारांत उन्हात उभा राहिलो. आपल्या पैशात काय मिळतं ते तू बघितलेलं नाहीस. एकीचा तळ गंजून रस्ता दिसत होता. एक पुरात बुडालेली, तिच्या सीटला अजून चिखलाचा वास. एकीचे किलोमीटरचे आकडे मागे फिरवलेले, हे दलालालाही लपवता येत नव्हतं. ही गाडी माझ्या मित्राची, एकहाती चाललेली, इंजिन ठणठणीत. आई मागे, तू एकटी, आणि भर रस्त्यात गाडी बंद पडली तर काय करशील, हा विचार तुझ्या मनात आला नाही, माझ्या आला.

टायरमधली हवा थोडी कमी कर आणि सीटवर गादी टाक. सगळ्या गोष्टींना उपाय असतो, फक्त करायची इच्छा हवी. मी काही केलं नाही तर धाकट्याला आईची पर्वा नाही, आणि केलं तर हे असं. मुलांना मात्र गाडी फार आवडली. पाठवायच्या दिवशी दोघं तिच्यातून उतरायला तयार नव्हती. सुट्टीत तिकडे आलो की तिच्यातून मागच्या टेकडीवर जायचं त्यांनी ठरवून टाकलंय.

आईला साष्टांग नमस्कार. तुझा लोभ शिल्लक असेल तर राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या अख्ख्या पत्रात खरं तेवढं शेवटी सापडलं. गाडी कोणासाठी घेतलीस ते मुलांनी सांगून टाकलं. वर्षातून एकदा टेकडीवर जायला तुम्हाला उंच गाडी हवी होती, आणि मधल्या सगळ्या मंगळवारी आईने तिच्यात आपटत राहायचं.

हवा कमी केली. गादी टाकली. गादीमुळे आईचं डोकं छताला लागायला लागलं. मग गादी काढली आणि दुमडलेल्या रजया टाकल्या, तर वळणावर ती रजयांसकट घसरली. तुझे उपाय संपले असतील तर पुढचं ऐक.

या मंगळवारी ती तयारच झाली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तिचं डोकं दुखत नव्हतं, मला तिचा चेहरा कळतो. तिला गाडीत बसायचं नव्हतं आणि तू घेतलेली म्हणून तसं म्हणायचंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. व्यायाम असाच बुडत राहिला तर उजवा पाय कायमचा ओढत चालावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तो पाय ती आत्ताच ओढतेय. तू बघितलेला नाहीस, कारण तू आलेला नाहीस.

मला पत्र नको आणि सल्ला तर नकोच. तू ये आणि मागच्या सीटवर बस. मी चालवते.

लोभाचं तू आल्यावर बघू.

ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या शनिवारी सकाळी येतोय, आठवडाभर रजा टाकली आहे. मित्र गाडी परत घ्यायला नाही म्हणाला आणि त्यावरून आमची चांगलीच जुंपली. दुसरं गिऱ्हाईक बघितलंय. त्यात जो तोटा होईल तो माझा. त्यावरून मला काही ऐकवू नकोस, कारण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

आईला सांग. तुझ्याबद्दल लोभ आहे, सध्या दिसत नसला तरी.

धाकटा


ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. तू स्वतः कळवलं नाहीस, याची नोंद घेतली आहे.

तरी एक कबूल करते. रुळांवरून गेल्यावर तू मागे दोन्ही हातांनी वरची कडी धरलीस आणि इस्पितळ येईपर्यंत तुझ्याकडून ना गादीचं नाव निघालं ना हवेचं. त्यानंतर माझा निम्मा राग गेला. उरलेला आवारांत गाड्या बघताना परत आला, कारण तू प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालत होतास आणि मागचं दार कुणी उघडून बघत नव्हतं. आई आपल्याबरोबर येते म्हणाली तेव्हा तू नको म्हणालास. मीही तेच म्हणाले. ती आली म्हणून बरं झालं. त्या राखाडी लांबलचक गाडीच्या मागच्या सीटवर ती जाऊन बसली आणि दलालाला म्हणाली की चांगल्या रस्त्याने नको, तुमच्या आवारामागच्या खोदलेल्या रस्त्याने चालवा. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. रंग उडालाय, काच हाताने फिरवावी लागते, तुझ्या मुलांना ती म्हाताऱ्यांची गाडी वाटेल. वाटू दे.

दोन्ही मंगळवार नीट पार पडले. तू होतास त्या दिवशी घरी परतताना तर ती झोपूनच गेली. पडल्यापासून तिला दिवसा झोप लागलेली मी पाहिली नव्हती.

तेव्हा पुढे बसून आपण जे बोललो, त्यावर मी विचार करतेय. तू म्हणालास त्यात तथ्य नाही असं नाही. पण इतक्यात आईच्या कानावर घालू नकोस. तिला कसं सांगायचं ते मला सुचलेलं नाही.

मुलांना गोड पापा. लोभ वाढला नसला तरी पूर्वीइतका झालाय.

ताई


ता. १६ एप्रिल

चि. थोरलीस आणि चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मी रागावलेली आहे.

हे पत्र मी दोनदा लिहिलं. एक प्रत शेजारीण टपालात टाकेल, दुसरी थोरलीच्या टेबलावर ठेवतेय. एका घरात राहून पत्र कशाला, तर तोंडाने बोलायला लागले की थोरली मला गोळी घेतली का विचारते आणि विषय तिथेच संपतो.

गाडी उत्तम आहे. खड्डा येतो आणि जातो, पोटातलं पाणी हलत नाही. फक्त त्या मंगळवारी मी झोपले नव्हते. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसले, डोळे मिटून ऐकायची मला सवय आहे. आधीच्या गाडीच्या खडखडाटात मला तुमचा शब्द ऐकू आला नसता. या गाडीत पुढची कुजबूजही मागे स्वच्छ येते. घेताना हे तुमच्या लक्षात आलं नाही.

धाकट्या, तू म्हणालास की घर विकावं आणि आईला जिथे दिवसरात्र नर्स असतात अशा जागी ठेवावं, ताईने एकटीने किती ओढायचं. तुझा मला राग आला, पण तू लांबून बोलतोस, तुला तसंच दिसणार. मला वाटलं आता थोरली भांडेल. एका गाडीसाठी तिने तुझ्याशी महिनाभर भांडण केलं होतं. मग तिने विचारलं की तिथे खोलीला खिडकी असते का.

थोरले, हे मला लागलं. मी घरी येऊन दार लावून घेतलं ते पाठ दुखत होती म्हणून नव्हे. तू दमली आहेस, मला दिसतं. सकाळी मला उठवून बसवलंस की तू स्वतःच पलंगाच्या काठावर टेकतेस. पण दमलीस हे तू मला सांगायला हवं होतंस, त्याला नाही. मी तुझी आई आहे, तुम्ही दोघांनी मिळून उतरवून घ्यायचा माल नाही.

आता मी ठरवलेलं ऐका. दर महिन्याचा पहिला मंगळवार धाकट्याचा. आदल्या दिवशी यायचं, मला इस्पितळात न्यायचं, परत आणायचं, रात्री उठवायचं असेल तर उठवायचं. थोरलीने त्या दिवशी घरात थांबायचं नाही. कुठे जायचं ते तिचं तिने बघावं. बाकीच्या दिवसांसाठी सकाळी एक बाई ठेवायची. शेजारणीला मी विचारलंय, तिच्या ओळखीत आहे. घराचं मी बघेन. विकावंसं वाटलं तर तुम्हाला बोलावून सांगेन, आणि मग खोली बघायलाही मीच जाईन.

डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं आहे, पाठीशी उशी घेऊन पुढे बसलं तर चालतं. तेव्हा येत्या मंगळवारपासून मी पुढे बसणार. माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर तेव्हा बोला. मी जागी असेन.

लोभ माझ्याकडून कमी झालेला नाही. तुम्हीही होऊ देऊ नका.

तुमची,
आई