मानपाड्याच्या बैलाने मोडलेले बारसे

मुक्काम दिवा, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८०६

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित रखमाक्का हिचे पायांवर धाकट्या भावाचा, म्हणजे धाकूचा, डोके टेकून दंडवत. इकडे सर्व मंडळी खुशाल. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि तुमची काळी गाय या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. पत्र दाजींनी मोठ्याने वाचावे आणि तू ऐकावे. मध्येच खोकला लागून ते थांबले तर तेवढ्यावर रागावून उठू नको, पुढे चांगला मजकूर आहे. मला अक्षर येत नाही हे तू जाणतेसच. मी बोलतो आहे आणि आमच्या शाळेचे सिल्वेस्टर मास्तर लिहीत आहेत. माणूस ठाण्याचा, ख्रिस्ती, पण माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितो. तेव्हा पत्रात कुठे मी शहाण्यासारखा बोललो असे वाटले, तर ते शहाणपण मास्तरांचे समजावे.

तुझा राग रास्त आहे. भावाच्या पोरीच्या बारशाच्या आदल्या दिवशी त्याने गाडी घेऊन न्यायला यावे, बहिणीने नवे लुगडे नेसून, बोचके मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसावे, आणि त्या भावाची गाडी दारावरून सरळ निघून जावी! वर तू म्हणतेस की तू "धाकू" अशी हाक मारलीस आणि मी आतून "हं" म्हणालो. मी म्हणालोही असेन. पण अक्का, तो हुंकार तुला नव्हता, स्वप्नातल्या कोणाला तरी होता. हे सांगायला मी दोनदा कल्याणला आलो. दोन्ही वेळा तू दाराआडून "घरात कोणी नाही" असे आपल्याच तोंडाने सांगितलेस. मी तुझा आवाज ओळखला, पण खोटे कसे पाडावे म्हणून परत फिरलो.

आता घडले ते असे. त्या दिवशी मी मिठाची गाडी घेऊन कल्याणच्या बाजारात गेलो. मीठ विकायचे, तुला गाडीत घालायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे, एवढाच बेत. पण डाव्या जूचा आपला म्हातारा बैल शीळच्या चढावर जो लंगडू लागला तो बाजारापर्यंत लंगडतच आला. (त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवले आहे, काळजी नको.) मग नवा बैल घेणे आले. मानपाड्याच्या गणू नावाच्या माणसाकडून चांद्या नावाचा बैल घेतला. शिंगे सुरेख, चाल नवरदेवासारखी. मी त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी ओढून पाहिली. मात्र बैलाचे घर कुठल्या वाटेवर आहे ते कोणी पाहत नाही, आणि इथेच मी फसलो. मानपाडा आपल्या कल्याण-दिव्याच्या वाटेवरच, हे मी विसरलो. चांद्या विसरला नव्हता.

त्याला आपल्या उजवीकडच्या पवळ्या बैलाच्या जोडीला जुंपून मी तुमच्या काळ्या तळ्यापर्यंत आणले. बैलांना पाणी पाजले, चिंचेखाली गाडी उभी केली आणि पान चघळून होईतो आडवा झालो. झोप कशाने आली म्हणशील, तर सुकट आणि भाकरी जास्त झाली म्हणून. (मास्तर माझ्याकडे पाहतात. सुकटच होती, लिहा.) गाडीत पेंढा होता, वर घोंगडी, तळ्यावरून गार वारा. कासरा हातातून कधी सुटला कळले नाही. गाडी हलली तेव्हा मला वाटले मी झोपलो आहे म्हणून हलल्यासारखी वाटते. चाक कुरकुरत होते, आणि आपली आई जात्यावर बसली की जसा आवाज यायचा तसाच तो आवाज होता, म्हणून मी जागा होण्याचे कारणच नव्हते. वालाच्या फुलांचा वास आला. ऊन पापण्यांवर पडे, मग सावली पडे, मग पुन्हा ऊन. मधून कोणी माझे नाव घेतले, तेव्हा मी "हं" म्हणालो. गाडी चालते आहे की रस्ताच मागे मागे चालला आहे, हे त्या झोपेत काही समजेना, आणि समजून घ्यावे असे वाटेना. अक्का, तसे सुख मला जन्मात मिळाले नव्हते.

गाडी थांबली. डोळे उघडले तर अंगण सारवलेले, तुळस, पेंढ्याची उडवी, आणि समोर सात-आठ वर्षांची पोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आता माझी घरी सोडलेली पोर अकरा दिवसांची. पण खोटे सांगत नाही, मला यत्किंचितही नवल वाटले नाही. मनात एवढेच आले, की बैल जरा सावकाश आले आणि पोर मोठी झाली. मी पाणी प्यालो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, "आय कुठं हाय?" ती म्हणाली, "भात कांडते." ठीक आहे म्हणून मी पाय धुतले, आत जाऊन पागोटे खुंटीला अडकवले (खुंटी दुसऱ्या भिंतीला होती, वाटले आठ वर्षांत हलवली असेल) आणि पाटावर बसलो. घरधनीण नवऱ्याने कोणी पाहुणा पाठवला म्हणून पदर ओढून आली, मान वर न करता तिने भात-आमटी वाढली. मी पहिला घास घेतला आणि ओरडलो, "मिठागर घरचं, आनि आमटी अलनी?"

तेव्हा ती मान वर झाली, आणि मीही पाहिले. आमटीत मीठ कमी म्हणजे हे घर माझे नव्हे, हे मला तिचा चेहरा पाहण्याआधीच कळले होते. तेवढ्यात बाहेरून गणू आला. बाजारातून चालत आला होता बिचारा. गोठ्यात चांद्या पेंढा खात उभा, आणि पाटावर मी. "आरं, सकाली इकलेला बैल गोठ्यान कसा?" म्हणून त्याने विचारले. त्याला वाटले मी बैल परत करायला आलो, मला वाटले तो मला काठी घालणार, आणि ती पोर दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तिचे नाव विचारले. जया. शेवटी गणू स्वतः पुढे बसून वेशीपर्यंत गाडी सोडायला आला, कारण चांद्या काही केल्या गोठा सोडीना.

मग तू आठवलीस. माघारी कल्याणला वळवू लागलो तर सूर्य कलला होता. उद्या सकाळीच येऊन नेऊ म्हणून घरी आलो. आधी पाळण्यात डोकावलो. पोर अकराच दिवसांची होती, केवढी लहान! मला रडू आले. (मास्तर, हे खोडा. खोडत नाहीत.) आणि सकाळी आलो तर तुझे दार बंद.

बारशाला गावच्या बाया जमल्या, घुगऱ्या खाल्ल्या, आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे तसेच हातात घेऊन घरी गेल्या. आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव कसे लागणार? पोर महिन्याची झाली. तुझी भावजय तिला 'सोने' म्हणते, मी 'अगं ए' म्हणतो, आणि माझी सासू सखुबाई धरून बसली आहे की नाव धोंडीच ठेवायचे. का ते तुला माहीत आहे. तुझ्यावाचून हे अडले आहे. शुक्रवारी गाडी पाठवतो.

तुझा आज्ञाधारक,
धाकू

ता. क. – गाडीला चांद्या जुंपणार नाही. जुंपलाच तर तुलाही मानपाड्याला जेवावे लागेल. सोबत मीठ घेऊन निघावे.

दुसरा ता. क. – नाव ठेवण्याचा हक्क सर्वस्वी तुझा, त्यात मी चकार शब्द काढणार नाही. तुझ्या मनात येईल ते नाव ठेव. मात्र तुझ्या मनात 'जया' यावे. कारण एवढेच, की नाव दोन अक्षरी आहे, मास्तरांना लिहायला सोपे जाईल.

तिसरा ता. क., हा माझा, सिल्वेस्टरचा – बाई, धाकू पाळण्यापाशी उठून गेला आहे, म्हणून हे त्याला न विचारता लिहितो. सुकटीचे खरे नाही. आधीचे दोन्ही मुलगे बारा दिवस पाहू शकले नाहीत हे आपण जाणताच. या खेपेस हा अकरा रात्री नाकाशी बोट धरून पोरीचा श्वास मोजत बसला होता, डोळ्याला डोळा लावला नाही. तळ्यावर त्याला जी झोप लागली ती ही. अशा घरी पोर जगावी म्हणून दगडधोंड्याचे नाव ठेवतात, आणि सखुबाईंचे चुकत नाही, असे मीही त्याला म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "मास्तर, आठ वर्सांची झालेली मी बघितलीय तिला, तिच्या हातचं पानी प्यालोय. आता धोंडी कशाला?"